जनुकोपचाराची पोचपावती

शरीरात सोडलेले जनुक मुक्कामी पोहोचले की नाही, याची बातमी आता पेशी स्वतःच देऊ लागल्या आहेत. त्यासाठी जनुकशास्त्राने किरणोत्सारी चित्रणाशी हातमिळवणी केली आहे.

१३ सप्टेंबर १९९९ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जेसी गेलसिंगर या अठरा वर्षांच्या तरुणाच्या यकृताकडे जाणाऱ्या रोहिणीत सुमारे ३८ लाख कोटी विषाणूकण सोडण्यात आले. हे विषाणू रोग पसरविण्यासाठी नव्हते. सर्दी-पडसे आणणाऱ्या अ‍ॅडिनो जातीच्या विषाणूची वाढ होण्याची क्षमता काढून घेण्यात आली होती आणि त्याच्यावर एक निरोगी जनुक लादण्यात आले होते. शरीरातील अमोनियाची विल्हेवाट लावणारे एन्झाइम जेसीच्या यकृतात पुरेसे तयार होत नव्हते. नवे जनुक ती उणीव भरून काढू शकेल काय, याची सुरक्षितता तपासणारी ही चाचणी होती. चार दिवसांनी, १७ सप्टेंबरला जेसीचा मृत्यू झाला. उत्तरीय तपासणीत या विषाणूच्या खुणा यकृताबरोबरच प्लीहा, लसिका ग्रंथी आणि अस्थिमज्जेतही सापडल्या.

या घटनेने जनुकोपचाराच्या साऱ्या क्षेत्राला हादरा बसला. चाचण्यांचे नियम, रुग्णाची संमती, संशोधकांचे आर्थिक हितसंबंध या सर्वांची झाडाझडती झाली. त्याबरोबरच एक साधा प्रश्नही ऐरणीवर आला. शरीरात सोडलेला विषाणू कुठे कुठे गेला, हे रुग्ण जिवंत असतानाच का कळू नये?

पत्ता ठीक, पण टपाल पोहोचले का?

गोळी घेतली की तिचा अंश रक्तात किती आहे, हे रक्ताच्या नमुन्यावरून कळते. जनुकोपचाराचे तसे नाही. येथे औषध म्हणजे एक लिखित आज्ञा असते. ती पेशीच्या आत शिरावी लागते, पेशीने ती वाचावी लागते आणि तिच्याबरहुकूम प्रथिन तयार करावे लागते. यांपैकी कोणत्याही पायरीवर घोडे अडू शकते. विषाणू वाटेतच रोगप्रतिकारक शक्तीच्या हाती लागू शकतो, भलत्याच अवयवात शिरू शकतो किंवा योग्य ठिकाणी पोहोचूनही त्याने नेलेले जनुक निद्रिस्तच राहू शकते.

यावर जुना उपाय म्हणजे सुईने ऊतीचा तुकडा काढून तपासणे, म्हणजेच बायॉप्सी. परंतु गाठीच्या एका कोपऱ्यातील तुकड्यावरून साऱ्या गाठीचा अंदाज बांधणे धोक्याचे असते. मेंदू किंवा हृदय अशा अवयवांतून वारंवार तुकडे काढणे तर अशक्यच. शिवाय सुई जिथे टोचली नाही, तिथे विषाणू पोहोचला का, या प्रश्नाला बायॉप्सीकडे उत्तर नसते.

विषाणूलाच किरणोत्सारी खूण चिकटवून त्याच्यामागे कॅमेरा लावता येतो. पण त्यातून टपाल कुठे गेले एवढेच समजते. पाकीट उघडून कुणी ते वाचले का, हे समजत नाही. शिवाय खुणेची किरणोत्सारिता काही तासांत किंवा दिवसांत ओसरते आणि नंतरची कहाणी अंधारातच राहते. संशोधकांना हवी होती ती पोचपावती, आणि तीही पत्र वाचणाऱ्याच्या सहीची.

काजव्याच्या उजेडाची मर्यादा

ही पोचपावती म्हणजेच ‘रिपोर्टर जीन’, अर्थात बातमीदार जनुक. कल्पना सोपी आहे. उपचार करणाऱ्या जनुकाच्या शेजारी आणखी एक जनुक जोडून द्यायचे. दोघांच्या कामाची कळ एकच ठेवायची. पहिले कामाला लागले की दुसरेही लागणार. दुसऱ्या जनुकापासून तयार होणारे प्रथिन मात्र असे निवडायचे, की ते बाहेरून सहज ओळखता यावे.

प्रयोगशाळेत अशी जनुके गेली अनेक दशके वापरात आहेत. जेलीफिशच्या शरीरातील हिरवे चमकणारे प्रथिन हे त्यातले सर्वांत प्रसिद्ध. त्याच्या शोधासाठी आणि विकासासाठी ओसामु शिमोमुरा, मार्टिन चॅल्फी आणि रॉजर त्सिएन यांना २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. काजव्याला प्रकाश देणारे ल्युसिफरेज हे एन्झाइमही असेच उपयोगी पडते. ते जनुक घातलेल्या उंदराच्या शरीरातून येणारा मंद उजेड संवेदनशील कॅमेऱ्याने टिपता येतो.

परंतु उंदीर हा अंगठ्याएवढा प्राणी आहे. माणसाच्या यकृतातून निघालेला उजेड कातडीपर्यंत येईतो रक्त, स्नायू आणि चरबीत विरून जातो. माणसासाठी असा संकेत हवा होता जो हाडामांसातून आरपार बाहेर पडेल. गॅमा किरण नेमके हेच करतात आणि ते टिपणारी यंत्रे रुग्णालयांत आधीपासूनच होती.

आत जाता येते, बाहेर येता येत नाही

या मार्गावरचे पहिले बातमीदार जनुक आले ते नागिणीच्या कुळातील एका विषाणूकडून. ओठांवर फोड आणणाऱ्या हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूकडे थायमिडीन कायनेज नावाचे एन्झाइम असते. मानवी पेशींतही या नावाचे एन्झाइम आहे, पण ते चोखंदळ असते. ठरावीक रेणू सोडून इतरांना ते सहसा हात लावत नाही. विषाणूचे एन्झाइम तेवढे चोखंदळ नाही. मुद्दाम तयार केलेल्या काही कृत्रिम रेणूंनाही ते फॉस्फेटचा शिक्का मारते. शिक्का बसला की त्या रेणूला पेशीच्या आवरणातून बाहेर पडता येत नाही. उंदराच्या पिंजऱ्यासारखाच हा प्रकार आहे.

आता या रेणूला किरणोत्सारी अणू जोडून तो रक्तात सोडला, तर काय होईल? ज्या पेशींत विषाणूचे जनुक काम करीत आहे, तिथे तो साचत जाईल. इतर पेशींत तो जसा शिरला तसाच बाहेर पडेल आणि शरीराबाहेर टाकला जाईल. काही वेळाने चित्रण केले की जनुक जागे असलेली ठिकाणेच तेवढी उजळून दिसतील.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंग कर्करोग केंद्रातील ज्युरी त्युवायेव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ पासून किरणोत्सारी आयोडिन जोडलेल्या रेणूच्या साह्याने प्राण्यांमध्ये हे दाखवून दिले. लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात संजीव अर्थात सॅम गंभीर यांच्या गटाने १९९९ मध्ये अ‍ॅडिनो विषाणूने नेलेल्या जनुकाचे काम जिवंत उंदरांच्या शरीरात पेट स्कॅनने टिपले. अंबाल्यात जन्मलेले आणि अमेरिकेत वाढलेले गंभीर पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले आणि या शाखेचे एक प्रमुख शिल्पकार ठरले. २०२० मध्ये कर्करोगानेच त्यांचे निधन झाले.

पेट स्कॅनमागचे भौतिकशास्त्रही समजून घेण्यासारखे आहे. फ्लोरिन-१८ सारख्या अणूतून पॉझिट्रॉन बाहेर पडतो. जवळच्याच इलेक्ट्रॉनशी गाठ पडताच दोघेही नष्ट होतात आणि त्या जागेवरून दोन गॅमा किरण परस्परांच्या विरुद्ध दिशेने निघतात. भोवतीच्या वर्तुळाकार यंत्रावर दोन्ही किरण एकाच क्षणी आदळले, की ज्या रेषेवर ही घटना घडली ती निश्चित होते. अशा लक्षावधी रेषांतून संगणक चित्र उभे करतो. फ्लोरिन-१८ चे अर्धायुष्य ११० मिनिटांचे असल्याने शरीरातील किरणोत्सर्ग दिवसभरात संपुष्टात येतो आणि काही दिवसांनी हीच तपासणी पुन्हा करता येते.

माणसांतील पहिल्या नोंदी

२००१ मध्ये जर्मनीतील कोलोन येथील संशोधकांनी मेंदूतील ग्लिओब्लास्टोमा या जहाल कर्करोगाच्या पाच रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. गाठीत हर्पिसचे जनुक सोडायचे आणि नंतर गॅनसायक्लोव्हिर हे औषध द्यायचे, असा हा उपचार होता. शिक्का मारणारे एन्झाइम या औषधाचे रूपांतर विषात करते आणि पेशी मरते. म्हणजे एकच जनुक बातमीदारही होते आणि मारेकरीही. आयोडिन-१२४ वापरून केलेल्या पेट चित्रणात पाचांपैकी केवळ एका रुग्णात जनुक काम करीत असल्याचा स्पष्ट संकेत मिळाला.

वरकरणी हे अपयशच. परंतु चित्रण नसते, तर ‘उपचाराचा फारसा उपयोग झाला नाही’ एवढाच निष्कर्ष निघाला असता. औषध निकामी ठरले की ते पोहोचलेच नाही, हा भेद कळला नसता. पहिल्या कारणासाठी औषध बदलावे लागते, तर दुसऱ्यासाठी वाहन.

२००५ मध्ये स्पेनमधील पाम्प्लोना येथून आलेला अहवाल अधिक आश्वासक होता. यकृताच्या कर्करोगाच्या रुग्णांना गाठीत अ‍ॅडिनो विषाणूमार्फत हेच जनुक देण्यात आले. विषाणूकणांची मात्रा एक लाख कोटी किंवा त्याहून अधिक असलेल्या सर्व रुग्णांच्या गाठीत जनुकाचे काम पेट स्कॅनवर दिसले. त्याखालील मात्रेत दिसले नाही. गाठीभोवतीच्या यकृतात आणि दूरच्या अवयवांत जनुक सक्रिय झाल्याचे आढळले नाही. जेसी गेलसिंगरच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी आलेल्या या नोंदीचे मोल वेगळे सांगायला नको.

थायरॉइडकडून उसनवारी

विषाणूच्या जनुकाला एक खोड आहे. त्यापासून तयार होणारे प्रथिन शरीराला परके असल्याने रोगप्रतिकारक शक्ती ते धारण करणाऱ्या पेशींवरच हल्ला करू शकते. म्हणून संशोधकांनी मानवी शरीरातच बातमीदार शोधला आणि तो सापडला थायरॉइड ग्रंथीत.

आपल्या गळ्यातील ही ग्रंथी रक्तातील आयोडिन ओढून घेते. १९४१ पासून डॉक्टर याच गुणाचा उपयोग करून किरणोत्सारी आयोडिनने थायरॉइडच्या विकारांवर उपचार करीत आले आहेत. आयोडिन आत ओढणाऱ्या प्रथिनाचे, म्हणजे सोडियम-आयोडाइड सिम्पोर्टरचे जनुक मात्र १९९६ मध्ये हाती आले. नॅन्सी कॅरास्को यांच्या गटाने ते प्रथम उंदीरवर्गीय प्राण्यात वेगळे केले.

हे जनुक कोणत्याही पेशीत घातले की ती थायरॉइडसारखी आयोडिन ओढू लागते. त्यासाठी नवे रसायन बनवावे लागत नाही. थायरॉइडच्या तपासणीसाठी गॅमा कॅमेरा असलेल्या केंद्रांत नित्य वापरात असलेले टेक्निशियम-९९एम किंवा आयोडिन-१२३ पुरेसे ठरते. प्रथिन माणसाचेच असल्याने परकेपणाची भीतीही कमी होते. अमेरिकेत डेट्रॉइट येथे पूरस्थ ग्रंथीच्या कर्करोगाच्या रुग्णांवर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या जनुकाचे काम विषाणू टोचल्यानंतर एक-दोन दिवसांत सर्वाधिक असते, ते सात दिवसांपर्यंत दिसते आणि ग्रंथीबाहेर त्याचा मागमूस आढळत नाही, असे दिसून आले.

गोवराच्या विषाणूची कामगिरी

या जनुकाचा सर्वांत गाजलेला वापर झाला तो अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये. स्टीफन रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्करोगाच्या पेशी फोडणारा विषाणू म्हणून गोवराच्या लशीतील दुर्बल विषाणूची निवड केली आणि त्यात थायरॉइडचे हे जनुक बसवले. या लशीच्या विषाणूचे मूळ डेव्हिड एडमन्स्टन या शाळकरी मुलाकडून १९५४ मध्ये अमेरिकेत घेतलेल्या नमुन्यात आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणारी गोवराची लसही एडमन्स्टनच्याच कुळातील, एडमन्स्टन-झाग्रेब या वाणाची आहे.

२०१४ मध्ये मेयो क्लिनिकने दोन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. दोघांनाही मल्टिपल मायलोमा हा अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींचा कर्करोग होता आणि औषधांना तो दाद देत नव्हता. त्यांना शिरेवाटे १० हजार कोटी संसर्गक्षम विषाणूंची मात्रा देण्यात आली. एक कोटी लोकांना गोवराची लस टोचण्यास पुरेल एवढी ही मात्रा होती. दोघांच्याही अस्थिमज्जेतील रोगपेशी कमी झाल्या आणि एका महिला रुग्णाच्या शरीरातील सर्व ठिकाणचा रोग दीर्घकाळ नाहीसा झाला.

हा परिणाम विषाणूचाच होता, असे ठामपणे कशावरून म्हणता येते? तर किरणोत्सारी आयोडिनच्या चित्रणात शरीरातील गाठीच आयोडिन ओढताना दिसल्या. एरवी थायरॉइडशी काडीचा संबंध नसलेल्या या गाठी आयोडिन ओढतात, त्या अर्थी विषाणू तिथे पोहोचला आहे आणि त्याचे जनुक जागे आहे, हे उघड होते.

यात एक महत्त्वाची मेख आहे. दोन्ही रुग्णांच्या रक्तात गोवराविरुद्धची प्रतिपिंडे नव्हती. भारतात १९८५ पासून गोवराची लस सार्वत्रिक लसीकरणात आहे आणि त्यापूर्वीच्या पिढीतील बहुतेकांना बालपणी गोवर येऊन गेलेला आहे. अशा व्यक्तीच्या शिरेत हा विषाणू सोडला, तर गाठीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच प्रतिपिंडे त्याला गाठण्याची शक्यता मोठी.

चित्रणापुरताच या जनुकाचा उपयोग नाही. गाठ आयोडिन ओढते आहे, हे आधी सौम्य आयोडिनने पाहायचे आणि मग आयोडिन-१३१ ची मोठी मात्रा देऊन तीच गाठ आतून जाळायची, अशीही योजना आहे. मेयोच्याच संशोधकांनी २००४ मध्ये उंदरांतील मायलोमावर ती यशस्वी करून दाखवली होती.

चालत्या-फिरत्या पेशींचा माग

गेल्या दशकात जनुकोपचाराला आणखी एक वळण मिळाले. रुग्णाच्या रक्तातील टी पेशी बाहेर काढून त्यांत जनुकीय बदल करायचे आणि कर्करोगाशी लढण्यासाठी त्या परत सोडायच्या. या पेशी शरीरात हिंडतात, वाढतात, मरतात. त्यांचा हिशेब सहसा रक्ताच्या नमुन्यावरून ठेवला जातो. पण लढाई रक्तात नव्हे, गाठीत चाललेली असते.

२००९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि कॅलिफोर्नियातील सिटी ऑफ होप या संस्थेच्या संशोधकांनी ग्लिओब्लास्टोमाच्या एका रुग्णाला दिलेल्या अशा पेशी हर्पिसच्या बातमीदार जनुकाच्या आधारे पेट स्कॅनवर टिपल्या. २०१७ मध्ये सात रुग्णांवरील सविस्तर निष्कर्ष आले. २०१९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या गटाने पूरस्थ ग्रंथीच्या पेशींवर आढळणारे पीएसएमए हे मानवी प्रथिन बातमीदार म्हणून वापरले आणि उंदरांच्या शरीरातील अवघ्या दोन हजारांच्या आसपास पेशीही ओळखता येतात, असे दाखवले. रक्तातील पेशींची संख्या आणि गाठीत शिरलेल्या पेशींची संख्या यांचा मेळ बसत नाही, हेही त्यातून पुढे आले. केवळ रक्त तपासून उपचाराचे भवितव्य सांगणाऱ्यांना हा इशाराच होता.

मुंबईसाठी हा विषय दूरचा नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून साकारलेल्या ‘नेक्सकार-१९’ या पहिल्या स्वदेशी कार-टी उपचाराला २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. दुसरीकडे, परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये थायरॉइडच्या रुग्णांवर किरणोत्सारी आयोडिनने उपचार करण्याची परंपरा अनेक दशकांची आहे आणि देशातील पहिली पेट स्कॅनची सुविधाही २००२ मध्ये तिथेच सुरू झाली. पीएसएमए चित्रण शहरातील रुग्णालयांत रुळलेले आहे. बातमीदार जनुकांच्या चित्रणाला लागणारी बरीचशी सामग्री आणि अनुभव येथे उपलब्ध आहे.

अजून रुग्णशय्येपर्यंत का नाही?

एवढे सारे असूनही आजवर मान्यता मिळालेल्या कार-टी उपचारांत बातमीदार जनुकांचा समावेश नाही. त्याला कारणे आहेत. पहिले कारण जागेचे. जनुकोपचारात सर्वाधिक पसंती असलेल्या अ‍ॅडिनो-संलग्न विषाणूत जेमतेम ४,७०० जनुकीय अक्षरे मावतात. त्यांतली सुमारे १,९०० अक्षरे थायरॉइडच्या जनुकानेच अडवली, तर मूळ औषधाला जागा उरत नाही.

दुसरे कारण पार्श्वभूमीच्या गोंगाटाचे. थायरॉइड, जठर आणि लाळग्रंथी नैसर्गिकरीत्याच आयोडिन ओढतात. त्यामुळे त्यांच्या आसपासचा क्षीण संकेत झाकोळून जातो. हर्पिसच्या जनुकासाठी वापरले जाणारे फ्लोरिनयुक्त रसायन मेंदूचा रक्त-अडसर शाबूत असेल तर ओलांडू शकत नाही. तिसरे कारण नियमनाचे. औषधात एक जादा जनुक घालायचे, तर त्याचीही सुरक्षितता सिद्ध करावी लागते. उत्पादकाच्या दृष्टीने तो खर्च आणि विलंब असतो. चित्रणातील किरणोत्सर्गाची मात्रा मोठी नसली, तरी लहान मुलांत ती पुनःपुन्हा देताना विचार करावा लागतो.

शिवाय या तंत्राला काय जमत नाही, हेही लक्षात ठेवायला हवे. जेसी गेलसिंगरचा बळी घेतला तो विषाणूच्या बाह्य कवचाविरुद्ध उसळलेल्या रोगप्रतिकारक प्रतिक्रियेने, आणि तिची सुरुवात काही तासांतच झाली होती. बातमीदार जनुकाला प्रथिन तयार करून संकेत देण्यास अवधी लागतो. तेव्हा हे तंत्र असते तर जेसी वाचला असता, असा दावा करता येणार नाही.

मात्र त्याच्यानंतर येणाऱ्या रुग्णांसाठी या पोचपावतीचे महत्त्व वाढतच आहे. २०२१ मध्ये महाराष्ट्रात स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी झालेल्या चिमुकल्यांसाठी सोळा कोटी रुपयांच्या इंजेक्शनाकरिता लोकवर्गणी उभी राहिली, तेव्हा जनुकोपचार हा शब्द घरोघरी पोहोचला. ते औषध आयुष्यात एकदाच देता येते. पहिल्या मात्रेनंतर शरीरात तयार होणारी प्रतिपिंडे तेच वाहन पुन्हा आत येऊ देत नाहीत. एवढी किंमत मोजून मिळालेल्या एकमेव संधीचे काय झाले, याचे उत्तर सध्या मूल मान धरू लागले का, बसू लागले का, यावरून महिनोन्‌महिने वाट पाहून शोधावे लागते. जागेची अडचण दूर करून अशा औषधासोबत लहानसा बातमीदार पाठवता आला, तर ते उत्तर आई-वडिलांना काही आठवड्यांतच मिळू शकेल.